फॉर्मवरचा एक रकाना

कामशेतच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये डॉक्टरबाई पडद्यावरच्या इवल्याशा हृदयाकडे बराच वेळ बघत राहिल्या. राजेश्वरीला पाचवा महिना होता.

"बाळाच्या हृदयात काहीतरी वेगळं दिसतंय. पुण्याला पाठवते. तुमचं लग्न नात्यातलं आहे का? असेल तर तिथं आणखी एक तपासणी करावी लागेल."

"न्हाई ओ म्याडम, लांबचं स्थळ हाय," सासू रतनबाई लगेच म्हणाल्या. राजेश्वरीनं तोंड उघडलं, तसा त्यांनी तिचा हात घट्ट दाबला. डॉक्टरबाईंनी फॉर्मवर 'नाही' लिहिलं.

फाइल काखोटीला मारून रतनबाई गोळ्या आणायला गेल्या, तेव्हा राजेश्वरीनं कुरवंड्याला वडिलांना फोन लावला.

"आण्णा, हितं डॉक्टरला खोटं सांगितलंय. बाळाच्या जिवाचा प्रश्न हाय. तुमी या, खरं काय ते सांगा, आन् मला घरी घेऊन चला."



"पोरी," वडील म्हणाले, "माझी बहीण न्हाई म्हणली ना, मग तू बी न्हाईच म्हण."