पांढरं म्हणजे कोरडं

"तुमच्या शिवारात पाणी नाही, बोट पाठवता येणार नाही," पूरनियंत्रण कक्षातल्या मृणालने सरपंचबाईंना फोनवर पुन्हा सांगितलं. समोर उपग्रहाचं सकाळचं रडारचित्र होतं. त्यात पाणी काळं दिसतं, आणि हे शिवार पांढरं होतं.

"आवो मॅडम, कमरंएवढ्या पाण्यात हुबी राहून बोलतीय मी!"

मृणालने मागच्या आठवड्याचं चित्र शेजारी उघडलं. तेव्हा तेच शिवार करडं होतं. पुरात उलट पांढरं कसं झालं?

"शेतात काय आहे?"

"ऊसच की. मानूस दिसत न्हाई एवढा वाढलाय."

परीक्षेपुरतं पाठ केलेलं तिला आता आठवलं. उंच पिकात पाणी शिरलं, की रडारचा किरण पाण्यावरून पिकावर आपटून जोरात परत येतो. चित्र काळं होत नाही, उलट उजळतं.

तिने लगेच तिकडे बचावाची बोट पाठवायला सांगितलं. मग सकाळी स्वतःच सही करून पाठवलेली 'सुरक्षित' गावांची यादी उघडली. चित्रात अशी लख्ख पांढरी दिसणारी गावं त्या यादीत अकरा होती.

फोन त्यांतल्या एकाच गावातून आला होता.