मागची खुर्ची

डोलवीच्या कारखान्याला चालणारे ट्रक गेले, पेणचं घर गेलं, तरी देणं फिटेना, तेव्हा कमळाकरने कोर्टात नादारी जाहीर केली. त्यानंतर तो चारचौघांत गेलाच नव्हता. पुतणीच्या साखरपुड्याला मात्र बायकोला घेऊन वरसेला आला. थोरल्या भावाने, केरूने, त्याला दारातच गाठलं.

“तू मागं बस. व्याह्यांनी विचारलं तर सांग, धंदा झकास चाललाय.”

कमळाकर मुकाट मागच्या खुर्चीत बसला. पण त्याची बायको पुतणीची ओटी भरायला पुढे झाली आणि वहिनीने तिचा हात धरला, “तू नको गो, दुसरी कोणी भरू दे.” तशी त्याच्या मस्तकात तिडीक गेली.

“दिवाळं माझं निघालंय!” तो भर मांडवात ओरडला. “पळालो नाय मी. होतं नव्हतं ते कोर्टापुढं ठेवलं. हिच्या हाताला कसला बाट लागलाय?”

नवऱ्या मुलाचा बाप उठला, कमळाकरला बाजूला घेऊन खाली मान घालून पुटपुटला, “तुमच्या वकिलाचा नंबर मिळंल काय?”

कमळाकरने खिशातून फोन काढला.

“देतो. पण मान वर करून मागा. चोरी नाय केली आपण.”