खिडकीच्या जागी भट्टी

शुक्रवारची नमाज सुटून बराच वेळ झाला, तरी ऑर्डरींचा टॅबलेट वाजला नव्हता.

एरवी या वेळेला तो थांबत नसे. कारागीर उस्ता शहाताच्या दोन्ही भट्ट्या तापलेल्या होत्या. तुपाने माखलेले कणकेचे गोळे परातीत ओळीने वाट पाहत होते. त्या टॅबलेटखेरीज दुकानाला दुसरे गिऱ्हाईक उरलेले नव्हते. उस्ताच्या मुलीने, इनासने, आधी इंटरनेट तपासले. चालू होते. मग टॅबलेट बंद करून पुन्हा सुरू केला. तोही ठीक होता. दोष यंत्रात नाही, एवढे सिद्ध झाले.

"लोकांना आज भूक नसेल," उस्ता म्हणाला.

"अख्ख्या शुब्रा वस्तीत एकदम कुणालाच नाही, बाबा?"

तिने स्वतःच्या फोनवर गिऱ्हाईक होऊन पाहिले. ऑर्डरींच्या अ‍ॅपमध्ये 'फतीर' शोधले, ते भाजत तीच तुपाची पदरांची रोटी. यादीत सर्वांत वर त्यांचेच फतीर होते: पदर सुटलेले, कडेला मध, आणि खाली निळ्या काठाची ती थाळी, जिचा टवका इनासच्याच हातून उडाला होता. फोटोही तिनेच काढलेला. त्याखालचे नाव मात्र अ‍ॅपच्या कंपनीचे होते. कंपनीने स्वतःचे स्वयंपाकघर काढले होते. इनासने यादी शेवटपर्यंत सरकवली. अ‍ॅपसाठी म्हणून तिने दुकानाला दिलेले 'सात पदर' हे नाव कुठेच नव्हते.

तिने फोन लावला, तर कंपनीच्या क्रमांकावर एक ध्वनिमुद्रित आवाज वाट पाहत असल्याबद्दल तिचे आभार मानत राहिला.

"आपल्या गिऱ्हाइकांना फोन लाव ना," उस्ता म्हणाला. "आमच्याकडूनच घ्या म्हणावं."

"कुणाला लावू? नंबर कंपनीकडे असतात. आपल्याला एवढंच कळतं, दोन फतीर, तूप जास्त."

"म्हणजे इतके दिवस आपण कुणाला खायला घालतोय, तेच आपल्याला माहीत नाही?"

इनासने फोन पालथा ठेवला.

मागच्या गल्लीत स्कूटर थांबली. त्यांच्याच दारातून रोज खोकी घेऊन जाणारा पांढऱ्या मिशीचा शौकी उतरला. उस्ताने सवयीने एक फतीर भट्टीत सरकवले आणि रिकामे खोके पुढे ओढले. पण शौकीच्या पाठीवरची पेटी आधीच भरलेली होती.

"राग धरू नकोस, उस्ता. हे पुलापलीकडून आणलंय. तिथे त्यांनी भट्टी टाकली आहे."

"मग इथे काय करतोस?"

शौकीने बोट वर केले. "तिसरा मजला."

"इथे? या इमारतीत फतीर कोण मागवतं?"

"दर शुक्रवारी मागवतात. आजवर तुझ्या दारातून उचलायचं आणि इथल्याच जिन्याने वर न्यायचं. मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

तो जिना चढून गेला. उस्ता मैद्याच्या पोत्यावर बसला. भट्टीतून करपल्याचा वास येऊ लागला, तेव्हा उठला. आतले फतीर बाहेर काढून त्याने टवका उडालेल्या थाळीत ठेवले आणि इमारतीला वळसा घालून तो पुढच्या रस्त्यावर आला. इनास मागोमाग गेली.

तिथे भिंत होती. तिचा गिलावा आजूबाजूच्या गिलाव्यापेक्षा अजून उजळ दिसत होता, आणि त्या उजळपणाचा आकार खिडकीचा होता. त्या खिडकीत उभा राहून उस्ता कणीक हवेत फिरवत असे. वरच्या सज्जांतून दोरीला बांधलेल्या टोपल्या तिच्यासमोर उतरत. "खिडकी म्हणजे वाया गेलेली जागा," असे कंपनीचा माणूस म्हणाला होता. इनासला हिशेब पटला होता. तिथे दुसरी भट्टी बसली.

तिसऱ्या मजल्याच्या सज्जात हाज्जा फौकिया मांडीवर खोके घेऊन बसली होती. तिने सहज खाली पाहिले आणि तिचा घास तोंडातच राहिला.

"शहाता? तू जिवंत आहेस?"

उस्ताने मान वर केली. "तुम्हाला काय वाटलं, हाज्जा?"

"अरे, इथे भिंत आली त्या आठवड्यात मी तुझ्या नावाने फातिहा वाचली."

"आणि तुपाचा वास?" इनासने विचारले. "तो येत नाही वर?"

"येतो ना, पोरी. म्हटलं, जन्मभराचा वास आहे, भिंतीत मुरला असेल." हाज्जाने खोके थोडे वर धरले. "नातीने फोनवर हे लावून दिलं. चांगलं देत होते बरं का. मी तिला म्हणायचेसुद्धा, शहाता गेला, पण कुणाला तरी हातची चव देऊन गेला. आजचं मात्र नुसतं चामडं आहे."

शौकी जिन्यातून उतरून स्कूटर ढकलत पुढच्या रस्त्यावर आला होता. त्याने ती सुरू केली नाही.

उस्ताने थाळी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलली. तूप त्याच्या मनगटावरून कोपराकडे ओघळले.

"टोपली सोडा, हाज्जा. गरम आहे."

हाज्जा लगबगीने उठली आणि सवयीने तिचा हात कठड्याकडे गेला. टोपलीची दोरी तिथेच होती. सज्जाच्या एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत ती घट्ट ताणून बांधलेली होती, आणि तिच्यावर ओल्या चादरी वाळत होत्या.