कालची गोळी

“गोळी घेतलीस ना? मग डोळे गरागरा फिरव, खोलीभर नाच!” दिग्दर्शक मोहिते स्वतःच नाचून दाखवू लागले. मालिकेतली हुशार मुलगी लक्ष लागण्याच्या गोळ्या चोरून खाते आणि सैरभैर होते, असा आजचा भाग होता. बाटलीत अर्थातच बडीशेपेच्या गोळ्या होत्या.

त्या मुलीचं काम करणाऱ्या ऊर्जिताने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, खुणेच्या जागी उभी राहिली आणि न अडखळता संवाद म्हटले.

“कट! अगं, पासबुक भरायला आल्यासारखी काय उभी राहतेस?” मोहिते कावले. “काल रिहर्सलला काय धमाल केलीस! टेबलावर काय चढलीस, माझ्या चहात पेन काय बुडवलंस, एक वाक्य धड पुरं केलं नाहीस. तसंच पाहिजे मला. नाहीतर उद्या दुसरी मुलगी बोलावतो. खरं सांग, काल काय घेतलं होतंस?”

ऊर्जिताने पर्समधून डॉक्टरांनी दिलेलं गोळ्यांचं पाकीट काढलं. त्यावर औषधाचं नाव मालिकेतल्या बाटलीवरचंच होतं.

“सर, ही गोळी मी रोज सकाळी घेते,” ती म्हणाली. “काल विसरले होते.”