मऊ लाकडाची शर्यत

राष्ट्राचं मोठेपण त्याच्या लगद्यात असतं, असं साहेबांचं ठाम मत होतं. म्हणजे कागदाच्या लगद्यासाठी देशानं दरवर्षी किती मऊ लाकडाचा पाइन तोडला, यात. आलेखात आपली रेघ शेजारच्या देशाच्या वर गेली, की आकडेवारीच्या कारकुनाला घराकडची बदली मिळणार होती. तोवर खुर्ची सोडायची नाही.

कारकून शेजाऱ्यांचा आकडा बघायचा आणि डोळे मिटून त्याहून थोडा जास्त लिहायचा. रेघ वर जायची. साहेब खूश होऊन बदलीच्या कागदासाठी पेन काढायचे, तेवढ्यात शेजाऱ्यांचा नवा आकडा यायचा आणि पेन परत खिशात जायचं. अशी वर्षं लोटली. बायको फोनवर म्हणाली, "आता तरी या हो. लेक तुम्हाला काका म्हणायला लागलीय."

शेवटी त्यानं शेजारच्या देशातल्या कारकुनालाच फोन लावला. "दादा, हात जोडतो, एक वर्ष जरा कमी तोडा. माझी बदली अडकलीय."

"अहो, तुम्हीच हात आवरा की!" पलीकडचा कळवळला. "इथे माझ्या कागदावर सही होणार, तेवढ्यात तुमचा आकडा येऊन टपकतो. मग मलाही तो बघून वाढवावा लागतो."

मग यानं हळूच विचारलं, "पण खरंच तोडता किती?"

"तुम्ही किती तोडता?"



सीमेच्या दोन्ही बाजूंचा शेवटचा पाइन तोडून सहा वर्षं झाली होती.