दुपट्यातली वळवळ

गरोदरपणात मला झालेला विषाणूसंसर्ग बाळालाही झाला होता. मेंदूवर परिणाम झालाय का, हे जर्मनीतल्या एर्लांगेनमधल्या आमच्या डॉक्टर तीन महिन्यांच्या श्रीरंगच्या हालचाली बघून सांगणार होत्या. तो जागा असताना त्याला मोकळं ठेवून व्हिडिओ काढायचा होता. सासूबाईंनी मात्र नेहमीसारखं दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं, त्यामुळे स्वारी गाढ झोपलेली. तासाभराने जाग आली. दुपटं सोडताच मनगटं, घोटे, मान, सगळ्याची बारीक वळवळ सुरू झाली. "बघ, क्षणभर स्वस्थ पडत नाही. म्हणून बांधते मी," सासूबाई कुजबुजल्या. माझं लक्ष डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे. व्हिडिओ दोनदा पाहून त्या हसल्या. "गेनाऊ, अगदी बरोबर. मला हीच वळवळ हवी होती. फार चांगलं लक्षण आहे." डोळे पुसत मी ते सासूबाईंना मराठीत सांगितलं. बसमध्ये श्रीरंग खुशाल पाय झाडत होता. दुपटं सासूबाईंनी स्वतःच्याच खांद्यांवर पांघरलं होतं.