यादीतला पहिला नंबर

“ही बाई पुन्हा?” अमिल्कारेंनी नव्या हंगामाच्या पुस्तिकेवर लाल पेन्सिल आपटली. “गेल्या वर्षी हिचा वरचा सूर जो खिडकीबाहेर गेला, तो अजून परत आलेला नाही. आणि हंगामाची सुरुवात हिच्यापासून?”

“पुस्तिका उचला बाबा, पीठ लागतंय,” नेरिना म्हणाली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ती रविवारच्या अनोलिनीच्या, कणकेच्या छोट्या गोल करंज्यांत सारण भरत होती. “शेवटचं पान वाचलंत का? गॅलरीतून शिट्टी मारणाऱ्याला यंदा बाहेर काढणार आहेत.”

“वाचलं ना. म्हणून तर दोन मारणार. एक बाईंसाठी, एक त्या शेवटच्या पानासाठी.”

नेरिना हसली नाही. सगळ्यात वरच्या त्या गॅलरीतली नापसंतीची शिट्टी ऐकून भल्याभल्या गायिका आत जाऊन रडल्या होत्या. नेरिनाही रडली होती. सव्वीस वर्षं ती त्याच ऑपेरागृहाच्या कोरसमध्ये, समूहगायकांच्या तिसऱ्या रांगेत उभी राहत होती. त्याआधी फक्त एक रात्र ती एकटी पुढे उभी राहिली होती. वरचा सूर मध्येच तुटला. गावची पोर म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात गॅलरीतून एकच शिट्टी आली. तिने ती ओळखली. लहानपणी अंगणातून जेवायला बोलावताना घरातून बापाची हीच शिट्टी यायची. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून कोरस मागून घेतला आणि कार्यक्रमपत्रिकेवर बापाचं आडनाव काढून आईचं घातलं. बापलेक एकाच टेबलावर जेवत राहिले. त्या रात्रीबद्दल दोघांनी कधी चकार शब्द काढला नाही.

“आयुष्यात कुणासाठी टाळी वाजवलीत का हो बाबा?” आज मात्र तिच्या तोंडून निघून गेलं.

“वाजवतो की. ज्याच्याकडून काही होणार नाही अशी खात्री असते, त्याच्यासाठी.”

तिने कणकेची कड इतकी दाबली की सारण बाहेर आलं.

अमिल्कारेंनी टोपी चढवली. गॅलरीच्या तिकिटांची यादी लागली होती. दोन दिवस, दिवसातून तीनदा हजेरी. नाव पुकारल्यावर जो ‘हजर’ म्हणणार नाही, त्याच्या नावावर काट. एक्याऐंशी वर्षांच्या अमिल्कारेंचा नंबर यंदाही पहिला होता.

“उद्या नऊची शेवटची हजेरी,” दारातून ते म्हणाले. “वेळेवर उठव. इरमाच्या यादीत मेलेल्यालाही सूट नाही.”

सकाळी सात वाजता ती कॉफीचा कप घेऊन त्यांच्या खोलीत गेली. दारातच तिला कळलं.

डॉक्टर येऊन गेले. न्यायला माणसं अकराला येणार होती. खुर्चीवर टोपी होती, टोपीत घडी केलेली पुस्तिका. नेरिनाने घड्याळ पाहिलं. पावणेनऊ. तिने शेजारणीला त्यांच्यापाशी बसवलं, टोपी स्वतःच्या डोक्यावर घातली आणि बाहेर पडली.

ऑपेरागृहासमोरच्या कमानींखाली धुक्यात चाळीसेक माणसं उभी होती. मधोमध स्टुलावर इरमाबाई. औषधांचं दुकान बंद करून त्यांना दहा वर्षं झाली होती, यादीची वही मात्र सुटली नव्हती.

“एक. गिरेत्ती, अमिल्कारे.”

“हजर,” नेरिना म्हणाली.

सगळ्या माना वळल्या.

“अहो, ही तर कोरसमधली!” सॉसेजवाला म्हणाला. “पगारी माणसं गॅलरीच्या रांगेत कधीपासून? आणि म्हातारा कुठाय? झोपला वाटतं!”

दोघेतिघे हसले.

“हो,” नेरिना म्हणाली. “आज पहाटे.”

हसू तिथेच विरलं. एकेक करत टोप्या उतरल्या. इरमाबाईंच्या पेन्सिलीचं टोक नावावर येऊन थांबलं.

“नियम तो नियम, पोरी. ज्याचं नाव, त्याचाच आवाज. चाळीस वर्षांत मी कुणासाठी मोडला नाही. त्यानेच मोडू दिला नसता.”

“मग द्या हाकलून. त्यांनी एकदा हाकललंच आहे मला. तुम्ही होतात की त्या रात्री.”

इरमाबाईंनी चष्मा काढला. “तू अजून असं समजतेस?”

त्या स्टुलावरून पुढे वाकल्या.

“तुझा सूर तुटला आणि आम्ही टाळ्या पिटल्या. बिचारी म्हणून. अमिल्कारे उठला, आमच्याकडे तोंड केलं आणि शिट्टी मारली. आमच्यावर! ‘भीक घालू नका तिला,’ असा ओरडला. ‘गप्प बसा. पुन्हा गाऊ द्या. गाईल ती.’ आम्ही वरमलो, गप्प झालो. पण तू आत निघून गेली होतीस. तो कितीतरी वेळ तसाच उभा होता, पडद्याकडे बघत.”

“मला कधी बोलले नाहीत.”

“तू विचारलंस कधी?”

चौकातल्या घड्याळात सव्वानऊचा ठोका पडला. मागून कुणीतरी खाकरलं. इरमाबाईंनी पेन्सिल ओढली. अमिल्कारेंच्या नावावर काट बसली.

“पहिल्या नंबरची जागा रिकामी आहे,” त्या म्हणाल्या. “पण पहिल्या प्रयोगाला तू खाली रंगमंचावर असशील. जागा घेऊन करशील काय?”

“त्या दिवशी मी वर असेन.”

“आणि नोकरी? शेवटचं पान वाचलंस ना?”

“वाचलंय. म्हणूनच. बाबांच्या दोन शिट्ट्या राहिल्यात.”

सॉसेजवाल्याने आपली टोपी छातीशी धरली. इरमाबाईंनी वहीचं कोरं पान उघडलं.

“एक,” त्या म्हणाल्या. “नाव?”

नेरिनाने डोक्यावरची टोपी सारखी केली. श्वास पोटापर्यंत भरून घेतला, सव्वीस वर्षांपूर्वी त्या सुराआधी घेतला होता तसा. ऑपेरागृहाच्या बंद दारांपर्यंत आवाज पोचला.

“नेरिना गिरेत्ती. अमिल्कारेंची मुलगी. हजर!”